हॅनाचं माहेर

२४ सप्टेंबर १९९७
—खूप वर्षांपूर्वी एका सकाळी मी तांदूळ निवडत होते. हे बोटीवरून सुट्टीला आलेले. शेंगा मोडता मोडता म्हणाले, "बॉस्टनला एका बाईचं थडगं पाहिलं. हॅना. तीनशे वर्षांपूर्वीची. दगडावर नवऱ्याचं नाव आहे, मुलांची आहेत, बापाचं नाही. हिचं माहेर कोणतं असेल गं?"
"का? दिवाळसण हवाय तिकडे?"
हसले. पण शेवटपर्यंत तेच शोधत राहिले. सापडलं नाहीच.

आज ह्यांची तिथी. बिल्डिंगखाली गवतावर पान ठेवलं. कावळा नाही! प्रबोध म्हणाला, "आई, जंगलं पेटल्याचा एवढा धूर भरलाय, त्याला दिसत नसेल. जेव आता." कशी जेवू? नातीचं शिक्षण करू म्हटलं, ह्यांचा वुडलँड्सचा फ्लॅट विकणार नाही म्हटलं. कुणी येईना. साळुंक्या वडा खाऊन गेल्या. साळुंकी चालत नाही.
शेवटी म्हटलं, हॅनाचं माहेर मी शोधते!

२६ सप्टेंबर
लायब्ररीतून तिकडच्या जुन्या घराण्यांचं जाडं पुस्तक आणलं. मांडीवर डिक्शनरी. त्यात एक अभ्यासक म्हणतो हॅना लोहाराची, दुसरा म्हणतो पाद्र्याची. तिसऱ्यानं तिला थेट राजघराण्यात नेऊन बसवलंय. इतकं खोटं तर आपल्याकडे लग्न जमवतानाही बोलत नाहीत.

२७ सप्टेंबर
किमयाला कॉम्प्युटरवर बघायला लावलं. "आज्जी, शी इज सो डेड, लाह!"
तुझे आजोबाही तसेच, म्हणणार होते.

२९ सप्टेंबर
गुरुजींना फोन. श्राद्धाला गोत्र ठाऊक नसलं तर?
"काश्यप म्हणा. नाव?"
"हॅना."
पंचांगाची पानं चाळल्याचा आवाज. मग, "सर्वपित्रीला उरकून घ्या."

१ ऑक्टोबर, सर्वपित्री
दोन पानं मांडली. एक ह्यांचं, एक काश्यपगोत्री हॅनाचं. तिच्या भाजीत मिरची घातली नाही. हात जोडून म्हटलं, सापडेपर्यंत हिचं माहेर आमच्याकडे.
तरी कावळा नाही! मी रडले. प्रबोध चिडला, "बाबांचा जीव काय त्या बाईत अडकलाय?"
"अडकलाच आहे!"

संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या मलय मावशी, रोहानी मकचिक भेटल्या. त्यांना कावळ्याचं विचारलं.
"क्रो? व्हेअर गॉट क्रो, आंटी? लास्ट मंथ मॅन कम, ऑल शूट ऑलरेडी!"
म्हणजे ते बंदुकीचे आवाज! मला वाटलं, कुणीतरी टाइल्स फोडतंय.
कावळेच उरले नव्हते, ह्यांचं काहीच अडकलं नव्हतं. मी जेवले.

२ ऑक्टोबर
लायब्ररीत गेले. पुस्तकाची मुदत वाढवून आणली.