यंदाची समई

अहो,

मी डॉक्टरांकडे चाललेय, मुलुंडला. सुबोधला उठवू नका, पहाटे कुठे पोराचा डोळा लागलाय. बेल बंद केलीय. भात टोपात शिजवा, कुकरच्या शिट्टीने तो दचकतो.

परवा डॉक्टरांनी विचारलं ना, घरात आणखी कुणाला झोपेचा, मनाचा त्रास होता का? दोन्ही पुष्कळदा एकाच रक्तातून येतात, येतातच असं नाही, पण सांगा म्हणाले. मी पटकन 'नाही' म्हटलं. माझी माणिकआत्या आठवलीच नाही. गणपतीत रात्रभर जागून समईला तेल घालायची, म्हणून अख्खं गाव तिला देवाचं माणूस म्हणायचं. तिला झोप येतच नव्हती हो. पुढे तिने बोलणंच सोडलं, तर बाधा झाली म्हणून अंगारे लावत बसले.

तिच्यामागे समई माझ्याकडे आली. तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगता, आमची ही डोळ्याला डोळा लावत नाही.

आत्याचं सांगून येते. माझाही केसपेपर काढते.

यंदा समईला तेल तुम्ही घाला.

मालन