फखरुद्दीनशेठांना रिकामं पान चालत नाही

प्रिय ललितास,

भिवंडीहून सप्रेम जयभीम. प्रकृती उत्तम, डबा सहन होण्याजोगा. आईचे गुडघे कसे आहेत?

शेठांच्या कापडाच्या वेबसाइटचं शोधपान पीएचपी या संगणकभाषेत लिहून झालं. रंग, पन्हा, भाव निवडला की डेटाबेसमधून तेवढंच कापड येतं. अटी जुळल्या नाहीत, तर पान कोरं.

शेठ म्हणाले, “मास्तर, गिऱ्हाइकाला ‘नाही’ बोलायचं नसतं. जवळपासचा माल दाखवायचा.” आता पान स्वतःच एक अट सैल करतं.

तुझ्या अटी: नोकरी गावात, पगार हाच, संध्याकाळी मी घरी. वर्षभर शोधलं, निष्पत्ती शून्य. म्हणून गावाची अट सैल केली. इथेच भिवंडीत, कामतघरात तळमजल्यावर दोन खोल्या पाहिल्यात.

नुसतं बघायला ये. शेठांची गिऱ्हाइकंही तेवढंच म्हणून येतात.

तुझाच,
मिलिंद