मागच्या वाटेने गेलेल्या गाड्या

२१ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझा गुडघा कुरकुरतो, वादळात उडालेला छपराचा पत्रा परत ठोकून घेतला, आणि आप्पांना जाऊन परवा सहा महिने होतील. तेव्हा तुझं पत्र आलं होतं. "मला वेळेवर कळवलं का नाहीस?" एवढी एकच ओळ. तिचं उत्तर द्यायला मला सहा महिने लागले, यावरून काय ते ओळख.

इथलं सांगते. दुकानासमोरच्या रस्त्यावर आता गवत उगवलंय. नवा महामार्ग आपल्या मागून, तीनशे पावलांवर, उंच भरावावरून जातो. जुने ड्रायव्हर दुकान दिसलं की हॉर्न देतात आणि निघून जातात. करणार काय बिचारे! खाली उतरायला वाटच नाही. एकोणीस किलोमीटर पुढे जाऊन उलटं यायचं, ते कोण येतंय एका कप चहासाठी आणि एका पंक्चरसाठी? आप्पा शेवटपर्यंत मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. हॉर्न वाजला की हात वर करायचे. मी म्हणायचे, "अहो आप्पा, त्यांना तुम्ही दिसता तरी का?" तर म्हणायचे, "मला ते दिसतात ना? झालं तर!"

मध्यंतरी एक जोडपं आलं. जुन्या रस्त्याची सहल करत होतं म्हणे. आपल्या गंजक्या पाटीचे वीस फोटो काढले. चहा विचारला तर म्हणाले, "नको, आमच्याकडे थर्मास आहे." आता सरकारला या रस्त्यावर पर्यटन वाढवायचंय. पुरेशा गाड्या दिसल्या तर महामार्गावरून खाली उतरायला वाट देणार आहेत. आत्ता! त्यासाठी सोमवारपासून मोजणीवाले येऊन बसलेत. तसेच दोघे, तशाच खुर्च्या, मांडीवर तसाच तक्ता. गाडी गेली की एक रेघ. काल दिवसभरात अकरा रेघा पडल्या. त्यातल्या दोन दूधवाल्याच्या, एक जाताना आणि एक येताना.

त्यांना बघून किटली ठेवली आणि हे लिहायला बसले.

नऊ वर्षांपूर्वी असेच दोघे आठवडाभर बसले होते. तू नुकताच रस्ते खात्यात नकाशे काढायला लागला होतास, आणि आप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत्याकडे होते. कुणीतरी उठवलं की जिथे गाड्या जास्त तिथे टोलनाका बसवणार. नाका आला की ड्रायव्हर दुसरी वाट धरणार, आणि आपण बसणार हात चोळत. मी म्हटलं, थांबा, दाखवते यांना! रोज पहाटेपासून अलीकडच्या वळणावर जाऊन उभी राहिले. प्रत्येक ट्रकला सांगितलं, "दादा, आठवडाभर खाणीच्या वाटेने या, मागच्या अंगणात लावा. आणि आप्पांपाशी बोलू नका." सगळ्यांनी ऐकलं. ताईचा शब्द ना! पुढे मोजणीवाल्यांना चहावर चहा, आणि मागे अंगणात ट्रकला ट्रक लागलेला. स्वतःच्या हुशारीवर मी काय खूश होते, सांगू!

मग तू नव्या महामार्गाचा कागद घेऊन आलास; मोजणी टोलनाक्यासाठी नव्हतीच, त्यासाठी होती. रोजच्या गाड्या साठ. एवढ्याशा गाड्यांसाठी उतरायची वाट देत नाहीत.

आप्पा म्हणाले, "साठ? अरे, साठ तर मी सकाळच्या पहिल्या चहाआधी बघतो! कुणाला विकलंस आम्हाला? केवढी खुर्ची मिळाली?"

तू म्हणालास, "आप्पा, हे मोजलेले आकडे आहेत. मी नाही बनवले."

त्यांनी तुझी बॅग अंगणात फेकली. तू माझ्याकडे बघितलंस. मी कपबशा विसळत होते. विसळतच राहिले.

लिहिलं एकदाचं.

आता तूही ऐकून घे. मोजणी कशासाठी आहे हे तुला ठाऊक होतं. गाड्या जास्त दिसल्या तर आपलंच भलं, एवढं एका ओळीत कळवलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? पण तू पडलास नियमाचा. घरच्यांना आधी सांगायचं नाही म्हणजे नाही! तुझ्या त्या प्रामाणिकपणाचा मला अजून संताप येतो. माझ्या मूर्खपणाचा येतो तितकाच. माझं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवतेय असं वाटत असेल, तर ठेवतेय. नऊ वर्षं एकटीने वाहिलंय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आप्पा दहा दिवस अंथरुणावर होते, पूर्ण शुद्धीत. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "धाकट्याला लिही, मी माफ केलं म्हणून. ये म्हणावं." मी कागद घेऊन बसले. काय लिहू? माफ करण्यासारखं तू केलं काय होतंस! तू आला असतास, त्यांच्या उशाशी बसून म्हणाला असतास, "आप्पा, मी खरंच काही केलं नव्हतं." आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. ते मला सोसलं नसतं रे.

रोज विचारायचे, "पत्र टाकलंस?" मी रोज हो म्हणायचे. नवव्या दिवशी म्हणाले, "अजून राग धरून बसलाय गं तो. असू दे."

तुझ्याविषयी त्यांचं शेवटचं बोलणं ते. तेही चूकच, आणि तेही माझ्यामुळे.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू? मोजणी अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे. यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर तेही बरोबरच आहे. पण आलास तर खाणीच्या वाटेने येऊ नकोस, कितीही जवळ पडली तरी. समोरच्या रस्त्याने ये, मोजणीवाल्यांच्या डोळ्यांदेखत. तुझ्या नावाची एक रेघ पडू दे.

हातातल्या कपबशा खाली ठेवून,
तुझी ताई