बिनकडीचा ओटा

आई, तुझी उंची चार फूट दहा इंच होती, आणि ताठ उभी राहिलीस की जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंत तीन फुटांना एक इंच कमी भरायचा. हे आकडे मला अजून पाठ आहेत. ज्या दिवशी मी ते घेतले त्या दिवशी तू अंगणातल्या चुलीपुढून उठायला तयार नव्हतीस. मी टेप हातात धरून उभा, आणि तू म्हणालीस, "मढ्याचं माप घेत्यात. जित्याचं कशापायी घेतोस रं?" मी म्हणालो, "ओटा बांधायचाय, तुझ्या मापाचा." तू तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवलास आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "बांध. मी काय त्या भिताडाच्या आत जायची न्हाई."

का जायची नाहीस ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. पाटणच्या वरच्या अंगाला आपलं गाव, आणि तो मोठा भूकंप झाला त्या पहाटे मी ओसरीवर झोपलो होतो. सतरा वर्षांचा होतो. आप्पा पलटणीत, दूर कुठंतरी बर्फात. तू धाकटीला काखेत घेऊन चुलीत काटक्या सारत होतीस. जमीन हलली तसा मी अंगणात उडी मारली. तू माझ्या मागोमाग येशील असं धरून चाललो होतो. तू आली नाहीस. भिंतीतली माती ढासळत होती आणि आतून तुझी हाक आली, "आरं, पदर आडकलाय. फडताळाच्या कडीत आडकलाय." दोनदा हाक मारलीस. मी उंबऱ्यापासून पाच पावलांवर होतो. पाय उचललाच नाही. शेजारचे तात्या माझ्या अंगावरून धावत आत गेले, त्यांनी विळ्यानं तुझा पदर कापला आणि धाकटीला बाहेर फेकल्यासारखं माझ्या हातात दिलं. तुला ओढून काढताना ते फडताळ तुझ्या डाव्या पायावर आलं. तू कधी त्यावर एक शब्द बोलली नाहीस. लंगडत मात्र शेवटपर्यंत राहिलीस.

नंतर सरकारी पत्रे मिळाले, घर उभं राहिलं, पण तुझी चूल अंगणात गेली ती गेलीच. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते तुला सांगायला नको. चार महिने तू डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन गवताच्या छपराखाली ओल्या लाकडांशी झगडायचीस. धूर डोळ्यांत, ओल छातीत. आणि जमीन काही शांत झाली नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी ती पोटातल्या पोटात गुरगुरायची, भांडी एकमेकांना लागायची, आणि आपण दोघं आधी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो. तू काय बघायचीस कुणास ठाऊक. मला वाटायचं, तू माझे पाय बघतेस.

मी सांगलीला आयटीआयत ड्राफ्ट्समनचा कोर्स केला तो या भीतीतून सुटायला, गावापासून लांब. तिथं आमच्या सरांनी एकदा परदेशी मासिक वर्गात फिरवलं. त्यात एका स्वयंपाकघराचा फोटो होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसलग कपाटं, वर ओटा, आणि कुठल्याच दाराला कडी नाही, मूठ नाही. पोरं त्याची चकाकी बघत होती. मी फक्त एवढंच बघत होतो की इथं पदर कशातही अडकणार नाही. सरांना विचारलं, "सर, मग उघडायचं कसं?" ते म्हणाले, "वरच्या कडेला आतून खाच असते. बोटं घालायची आणि ओढायचं." तो फोटो मी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला.

पुढं साताऱ्याला बांधकामाच्या ऑफिसात नोकरी लागली. पूल, मोऱ्या, शाळेच्या खोल्या असले नकाशे दिवसभर ट्रेस करायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पावसात तुझा खोकला इतका वाढला की पाटणच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना कोरड्या जागेत स्वयंपाक करू द्या. नाहीतर छाती टिकणार नाही." मी महिनाभराची रजा काढली आणि छपराखाली तुझ्याशेजारी वही घेऊन बसलो. एका भाकरीला तुझा हात किती ठिकाणी जातो ते लिहून काढलं. पीठ, पाणी, परात, तवा, उलथणं. मिठासाठी तू रोज नऊ-दहा वेळा त्या दुखऱ्या पायावर उठत होतीस.

मग नकाशा काढला. पहिली अट अशी की कमरेच्या वर काही नको. मांडणी नको, फळी नको, खुंटीसुद्धा नको, म्हणजे डोक्यावर काही पडायला नको. पण मग मांडणीवरचं सगळं जायचं कुठं? ओट्याखालीच. तुला वाकून कपाटात हात घालता येत नव्हता, म्हणून दारं नकोत, सगळे खणच. ओढला की आतलं सगळं पुढं येणार. एक रुंद खण परातीसाठी, दोन खोल खण पिठाच्या आणि डाळीच्या डब्यांसाठी, उलथण्या-चमच्यांसाठी एक उथळ, आणि कोपऱ्यात वाया जाणाऱ्या जागेत हंडा. प्रत्येक खणाची दर्शनी फळी वरून आत उतरती तासलेली, वरची कडप्प्याची फरशी आणि ती फळी यांत दोन बोटांची फट. फरशीचे कोपरे गोल. ओट्याची उंची अडीच फुटांवर एक इंच. तू नकाशा उलटा धरून बघितलास. बराच वेळ बघितलास. मग बोट ठेवून म्हणालीस, "मीठ हितं नगं. उजव्या हाताला पायजे." मी खोडून उजवीकडं घेतलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, पण मी उठून कंदिलाच्या उजेडात नकाशा पुन्हा तपासत बसलो. तू आत जाणार होतीस. माझ्या सांगण्यावरून.

सुतार मिस्त्री गावातलेच होते. त्यांनी कागद बघितला आणि टोपी मागं सारली. "आक्का, तुमच्या पोरानं कपाट काढलंय का कोडं घातलंय? कडी न्हाई, मूठ न्हाई." तू म्हणालीस, "त्येला ठावं हाय. करा." पण त्या मिस्त्रींनीच माझी एक घोडचूक धरली. पहिला खण बसवून झाला तेव्हा ते म्हणाले, "गड्या, जमीन हालली तर ह्ये खण आपसूक भाईर येतील. वाट आडवतील पायानं अधू माणसाची. कडी न्हाई तर आडवणार काय त्येनला?" कागदावर हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनी तोंडातला तंबाखू थुंकला, विचार केला, आणि खण ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांना मागच्या बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतार दिला. सोडला की खण आपला आत जाऊन बसायचा. मी तो वीस वेळा ओढून बघितला. ओटा हलवता येत नव्हता म्हणून फळीवर मुठी मारून बघितल्या.

तयार झाल्यावर तू उंबऱ्यावरून आत आलीस. खण उघडला नाहीस, ओट्याला हात लावला नाहीस. पदर सोडलास आणि तो मोकळा लोंबता ठेवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओट्याला अंग घासत चाललीस. परत फिरलीस. तिसऱ्यांदा जरा भरभर, पाय ओढत. कुठंच काही अडकलं नाही. मग बाहेर जाऊन चुलीपुढं बसलीस. चार दिवसांनी सकाळी मला जाग आली ती मी ओट्यावर आणून ठेवलेल्या वातीच्या स्टोव्हच्या वासानं. तू आत उभी होतीस, आणि भाकरी थापताना तुझी नजर दर थोड्या वेळानं दाराकडं जात होती.

पाऊस संपला, तुझा खोकला उतरला. गावातल्या बायका तुझे खण ओढून बघायला यायच्या. मी महिन्यातून एकदा साताऱ्याहून यायचो आणि तू मला ओट्याशेजारी पाटावर बसवून गरम भाकरी वाढायचीस. त्या रविवारी मी येताना कोरेगावचा घेवडा आणला होता. दुपारची वेळ. स्टोव्हवर त्याची आमटी रटरटतेय, तू दाराकडच्या बाजूला उभी आहेस, मी आतल्या बाजूला बसलोय. आधी आवाज आला, लांबून जड ट्रक यावा तसा. तांब्यातलं पाणी थरथरलं.

त्यापुढचं मला अंगणातलंच आठवतं. मी आंब्याखाली उभा होतो आणि हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. पत्रे वाजत होते. तू आत होतीस. दार आणि मी यांच्यामध्ये तूच होतीस, म्हणजे मी तुझ्या अंगावरूनच गेलो असणार. मला ते आठवत नाही, आई. खरंच आठवत नाही. पत्रे वाजायचे थांबले, आणि मग तू बाहेर आलीस, सावकाश, पदर नीट खांद्यावर घेऊन. उजव्या दंडावर हात चोळत होतीस. "इस्टू इजवून आले," म्हणालीस.

तात्यांची बायको कुंपणापाशी येऊन ओरडली, "आवं, पोरगं हुतं न्हवं आत?" तू लगेच म्हणालीस, "न्हाई. त्यो कवाचा भाईर हुता." काकूंनी माझ्या हातातल्या भाकरीकडं बघितलं आणि त्या माघारी फिरल्या. मी आत जाऊन पाहिलं. एकही खण उघडला नव्हता. डबे जागेवर, परात जागेवर. तू परत स्टोव्ह पेटवलास आणि म्हणालीस, "बस. जेवण आर्धं ऱ्हायलंय." मी ताट उचलून ओसरीवर गेलो. त्यानंतर तुझ्या ओट्याशेजारी मी कधी जेवलो नाही. तूही कधी बस म्हणाली नाहीस, ताट ओसरीवर आणून द्यायचीस.

लोक म्हणायचे, पोरानं आईसाठी काय डोकं चालवलं. तू मान हलवायचीस. पण मी तो ओटा तसा का बांधला, हे तुला कळलं होतं का? पुन्हा तुझा पदर अडकला असता, तू पुन्हा हाक मारली असतीस, आणि मला आत यावं लागलं असतं. ती हाक येऊच नये म्हणून मी सगळ्या कड्या काढल्या. तू एकटीनं सुटून बाहेर यावीस म्हणून.

साताऱ्याच्या दवाखान्यात तुझे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा मी एकदा धीर केला. खाटेच्या कडेला बसून म्हणालो, "आई, त्या रविवारी आमटी शिजत होती ना, तेव्हा मी..." तू डोळे मिटलेलेच ठेवलेस. "लय मऊ शिजला हुता घेवडा," म्हणालीस, आणि माझ्या हातावर थोपटलंस. मी तुझी चादर सारखी केली आणि ते वाक्य तसंच राहिलं. आज सत्तरी ओलांडल्यावर लिहून काढतोय, तर ते वाचायला तू नाहीस. लेकाला दाखवायचा विचार होता. नाही दाखवणार. फाडून टाकीन.

सुनेला वाटतं, मला टीव्हीपुढं बसून जेवायला आवडतं. मला तो टीव्ही मुळीच आवडत नाही. काल लेक परगावी गेला होता आणि तिनं माझं पान आत स्वयंपाकघरात तिच्या शेजारी वाढलं, म्हणाली, "बाबा, आज इथंच बसा की, मला सोबत." मी बसलो. खाली रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला आणि काचेची तावदानं थोडी वाजली. तिनं वरही पाहिलं नाही. मी दोन घास खाऊन उठलो आणि म्हणालो, भूक नाही.

भूक होती, आई.