तो आता माझ्याशिवाय उठतो

मूरहेड, मिनेसोटा
सोमवार, १२ ऑगस्ट

आदरणीय मेहुणे ऑरिन यांस,

व्हर्लिनचा नमस्कार. तुमचा गुडघा, बोटीची मोटर आणि तळ्याचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. मी खुशाल आहे. टोमॅटो पिकले. मार्लिसच्या कुंड्यांना रोज पाणी घालतो (एक रोप गेलं, तिला सांगू नका, ती आल्यावर ओळखेलच). तुमच्या केबिनवर फोन लागत नाही म्हणून हे टपालाने. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर उरकण्यासारखं नाही. त्याला कागद लागतो.

मार्लिस पाच जुलैला तुमच्याकडे का आली हे तिने तिच्या बाजूने सांगितलं असेल. माझी बाजूही तीच आहे. सोयाबीनचे सौदे करणारा माझा प्रोग्रॅम शिकागोत एका भाड्याच्या सर्व्हरवर चालतो, म्हणजे मी कधी न पाहिलेल्या इमारतीतल्या कधी न पाहिलेल्या संगणकावर. तो पडला की मी जिथे असेन तिथून उठून त्याला उठवायला जात असे. मे महिन्यात मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी तुमच्या गळाला लागलेला वॉलआय मासा माझ्यामुळे सुटला. प्रोग्रॅम पडला आहे असं मला मध्येच वाटलं, मी बोट किनाऱ्याला लावायला लावली आणि चौदा मैलांवरच्या आमिषाच्या दुकानापर्यंत गाडी हाणली, कारण फोनला सिग्नलच्या दोन काड्या तिथेच मिळतात. (पडला नव्हता.) त्याबद्दल माफी मागायची राहिली होती, ती इथे मागतो. नातीच्या बाप्तिस्म्यात पाद्रींनी तिच्या कपाळावर पाणी घातलं तेव्हाही मी बाहेर गाडीत होतो. फोटोत माझ्या खुर्चीवर माझा कोट आहे. यानंतर मार्लिसने बॅग भरली आणि दारात म्हणाली, "तो तुझ्याशिवाय उठायला लागला की ये. तोवर त्याच्याजवळच बस." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही चढवला नाही, म्हणून मी घाबरलो.

तर मेहुणे, कळवायला अभिमान वाटतो की तो उठायला लागला आहे. हे कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण इथे ऐकायला कुणी नाही. शेजारचा गेलन आहे, पण तो आमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि इलेक्ट्रिशियन लोकांना दुसऱ्याचं यश ऐकवत नाही.

पहिली अडचण अशी की हे सर्व्हर स्वतःच स्वतःची दुरुस्ती करून घेतात आणि मग कुणाला न विचारता बंद होऊन पुन्हा सुरू होतात. सुरू होतात म्हणजे दारापर्यंत येतात. तिथे नाव आणि पासवर्ड मागत उभे राहतात, आणि कुणी दिला नाही तर तसेच उभे राहतात. मी प्रोग्रॅमला 'संगणक सुरू झाला की सुरू हो' असं सांगून ठेवलं होतं, पण त्याच्या मते कुणी दार उघडून आत आल्याशिवाय संगणक सुरू झालेलाच नसतो. मी दाराला कुलूपच नको असं केलं. (ही गोष्ट करू नये असं सगळीकडे लिहिलेलं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांच्या बायका घरी आहेत.)

मग तो सर्व्हरबरोबर उठू लागला, पण मध्येच एकटा पडला तर पडूनच राहायचा. त्यासाठी मी एक राखणदार लिहिला, म्हणजे दुसरा छोटा प्रोग्रॅम, ज्याचं काम एवढंच की पहिला मेला का ते बघायचं आणि मेला असेल तर उठवायचं. दोन दिवसांनी कळलं की हे प्रोग्रॅम सरळ मरत नाहीत. मरताना एक चौकट उघडतात, 'या प्रोग्रॅमने काम थांबवलं आहे, ठीक आहे का?' असं विचारतात आणि कुणी 'ठीक आहे' म्हणेपर्यंत प्राण सोडत नाहीत. राखणदार येऊन बघायचा. चौकट उघडी, म्हणजे आहे जिवंत, असं म्हणून परत जायचा. आमच्या साखर कारखान्यात रात्रपाळीला एक फोरमन असाच होता. बीटच्या गाळपाचा हंगाम चालू असला की तो बॉयलरची दाब दाखवणारी तबकडी बघायचा आणि बॉयलर बघायचा नाही. मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली आणि एकाही हंगामात माझा बॉयलर विझला नाही. मी तबकडीवर विश्वास ठेवत नसे, भिंतीला हात लावून बघत असे. म्हणून मी प्रोग्रॅमला सांगितलं की दर मिनिटाला एका फाइलमध्ये वेळ लिही. राखणदाराला सांगितलं की चेहरा बघू नकोस, नाडी बघ. तीन मिनिटं काही लिहिलं नाही तर त्याला नीट मार आणि पुन्हा उठव.

यात माझी एक छोटी चूक झाली. तो झोपेतून उठला की आधी मागच्या सगळ्या वर्षांचे भाव वाचतो. त्याला चार मिनिटं लागतात. राखणदाराला मी धीर दिला होता तीन मिनिटांचा. सकाळी साडेआठला बाजार उघडला तेव्हापासून दुपारी बंद होईपर्यंत माझ्या राखणदाराने त्याला त्र्याण्णव वेळा जिवंत केलं आणि त्र्याण्णव वेळा, वाचन संपायला एक मिनिट असताना, मारलं. मी समोर बसून बघत होतो. प्रत्येक वेळी तो इतक्या उमेदीने उठत होता की मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी राखणदाराला दहा मिनिटांचा धीर दिला. थंड बॉयलरला आम्ही त्याहून पुष्कळ जास्त देत असू.

शेवटचं काम शहाणपणाचं होतं. पडण्याआधी आपण सोयाबीन घेतलं होतं हे उठल्यावर त्याला आठवत नसे आणि तो पुन्हा घ्यायला निघायचा. त्याला शिकवलं की उठलास की आधी स्वतःचे खिसे चाचप, मग बाजारात जा. हे त्याच्या मुळातच घालायला लागलं, म्हणून सोळा जुलैला मी जुना प्रोग्रॅम काढून सगळंच नव्याने बसवलं.

तेव्हापासून आजपर्यंत एकोणीस बाजारदिवस झाले. मी रोज त्याला एकदा पाडतो. कधी सर्व्हर बंद करतो, कधी त्याचं इंटरनेट तोडतो, कधी मध्येच गळा दाबतो. मग दाराबाहेर कुंड्यांपाशी जाऊन उभा राहतो, आत बघत नाही, दहा मिनिटं मोजतो. आत येऊन बघावं तर तो उठलेला असतो. एकोणीसपैकी एकोणीस वेळा. आणि स्वभावही बदलला. पूर्वी आठवड्यातून एखादा आततायी सौदा करून मला घाम फोडायचा. आता भाव वर जावोत, खाली जावोत, तो शांत असतो. त्याला समज आली आहे. मेहुणे, मी आयुष्यात बॉयलर राखला, मुलगी वाढवली, पण आपल्यावाचून चालेल असं काही हातून घडल्याचा हा पहिलाच प्रसंग आहे. मार्लिसला योग्य वेळ बघून हे सांगावं. तुमच्या शब्दाला ती मान देते.

सर्वांना नमस्कार.

आपला,
व्हर्लिन हॉगन

ता. क. सही करून पाकीट शोधत होतो तेवढ्यात गेलन आला. बायकोने दिलेल्या रूबार्बच्या आंबटगोड वड्या घेऊन आला होता, म्हणून आत घेतलं. त्याला सगळं दाखवलं. त्याने पडद्याकडे बघितलं आणि विचारलं की या एकोणीस दिवसांत याने घेतलं काय आणि विकलं काय. मी म्हटलं, याने संयम ठेवला. त्याने बोट पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक छोटं लाल बटण आहे. प्रोग्रॅमला सौदे करायची परवानगी त्या बटणाने द्यायची असते. नव्याने बसवलं की ते बंद असतं आणि माणसाने एकदा हाताने दाबावं लागतं. मी सोळा तारखेला दाबलं नव्हतं.

गेलन म्हणाला, "मग हा रिटायर झालाय, व्हर्लिन. तुझ्यासारखाच. वेळेवर उठतो, सगळीकडे लक्ष ठेवतो, करत काही नाही."

एवढं बोलून आणलेल्या वड्यांपैकी तीन त्यानेच खाल्ल्या. माझं म्हणणं असं की उठणं हे एक काम आणि सौदे करणं हे दुसरं. मला मार्लिसने पहिलं सांगितलं होतं. त्यात खोट काढता येणार नाही.

ता. क. दुसरं. खरं विचारायचं ते राहिलंच. तुमच्या व्हरांड्यातली घडीची खाट रिकामी आहे का? मला आठवडाभर चालेल. मी मासे साफ करीन, आणि बोटीत फोन आणणार नाही. बटणाचं मात्र मार्लिसला कळू देऊ नका. पत्र पहिल्या सहीपर्यंतच वाचून दाखवा.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं, म्हणून पुन्हा फोडलं. रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत रोज चालत जाते ती मार्लिस, आणि पाकिटावर नाव कुणाचं आहे हे ती उघडल्यानंतर बघते.

मार्लिस, मी ते बटण अजून दाबलेलं नाही. दाबलं तर पहिले काही दिवस कुणीतरी जवळ बसून बघायला हवं, आणि इथे कुणी नसेल. मी शनिवारी दुपारी पोहोचतो. जेवायला थांब.