बेलभंडारा मोडून लिहिलेलं पुस्तक

नाना, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि अजून तुमच्या पुस्तकाचं नाव कुणी काढलं की माझ्या तोंडाची चव जाते. राग असता तर तो एव्हाना विरला असता. ही किळस आहे, आणि ती वयाबरोबर वाढत चालली आहे.

तुमचं पहिलं पुस्तक पुण्याच्या कॅम्पातल्या साहेबलोकांच्या लॉजवरचं, म्हणजे त्यांच्या गुप्त मंडळीवरचं. त्या फाटकाच्या आत तुम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथल्या माळ्याबरोबर दोनदा चहा प्यालात आणि दोनशे पानं लिहिलीत. काळे झगे, डोळ्यांवर पट्टी, छातीला टेकवलेली तलवार. मग ठगांवर लिहिलंत, मग बंगालकडच्या गुप्त शपथांवर. वाचकांची पत्रं येत, पाकिटावर ‘गुप्त मंडळ्यांचे अभ्यासक’ असं लिहिलेलं, आणि तुम्ही ती शाळेतल्या बाकीच्या गुरुजींना वाचून दाखवत असा. तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यांच्याबद्दल लिहीत होतात ती माणसं आपल्या दारात येणारी नव्हती.

पानशेत फुटलं त्याच्या तीन-चार वर्षं आधी तुमची बदली ताम्हिणीच्या शाळेत झाली. आई तोवर गेलेली. पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही हिवतापानं अंथरूण धरलंत. पीठ संपलं, सरपण भिजून गेलं. मी ओढ्यावरून परत येते तर दाराशी नाचणीचं पीठ ठेवलेलं. कधी सुकी लाकडं, कधी गूळ आणि गवती चहा. तीन आठवडे असं चाललं, आणि कोण ठेवतं ते कळेना. बरे झाल्यावर तुम्ही पिच्छा पुरवून शोधून काढलंत. घाटात कोळशाच्या भट्ट्या लावणारे अकरा जण होते. हातात बेल-भंडारा घेऊन शपथेवर त्यांनी एकमेकांना भाऊ मानलं होतं. गावात कुणाच्या घरचा कर्ता माणूस पडला तर त्याची चूल विझू द्यायची नाही, आणि कुणी दिलं ते कुणाला कळू द्यायचं नाही. एवढंच त्यांचं गुपित. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून जपलेलं.

त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबांनी तुम्हाला बारावा भाऊ करून घेतलं. “मास्तर, आमाला लिवता येत न्हाई. कागुद-अर्जाचं तुमी बगा. पन ह्ये कुटं बोलायचं न्हाई.” तुम्ही बेलभंडारा उचललात. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते.

वर्षाच्या आत पुस्तक तयार. मसुद्याची स्वच्छ प्रत नेहमीसारखी मीच करत होते. बोकडाचा बळी, हाडांची माळ, फितुराला जिवंत भट्टीत घालायची शिक्षा. मी विचारलं, “नाना, असं कुठं काय होतं?” तुम्ही हसलात. “अगं, नाचणीच्या पिठाची गोष्ट वाचायला पुस्तक कोण घेतं?” माणसांची नावं तेवढी तुम्ही गाळलीत. गाव, घाट, भट्ट्या, सगळं खरं ठेवलंत.

पौडच्या बाजारात ते पुस्तक मोठ्यानं वाचलं गेलं. अकरांपैकी एकाचा भाऊ मुंबईला गिरणीत गेला होता, बरीच वर्षं त्याचं पत्र नव्हतं. लोक म्हणू लागले, भट्टीत घातला. पोलिसांनी त्या भट्टीवाल्याला आठ दिवस चौकीत बसवून ठेवलं. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मग एका दुपारी म्हातारे बाबा आपल्या अंगणात आले. मी पाणी दिलं, त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

“मास्तर, आमी तुमचं काय वंगाळ केलं व्हतं?”

“बाबा, पुस्तकात थोडं तिखटमीठ लावावंच लागतं.”

“मंग सोताच्या घराला लावायचं. आमच्या का लावलं?”

तुम्ही चष्मा पुसत राहिलात. ते गेल्यावर म्हणालात, “अडाणी माणसं. त्यांना काय कळणार.” नाना, त्या घटकेला तुम्ही माझ्या मनातून उतरलात.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यातला एक जण गेला. घरात बाई आणि तीन पोरं. तिच्या दाराशी पिठाची पिशवी ठेवायला कुणी धजलं नाही. कुणी पाहिलं तर काय म्हणेल? तिचं धाकटं पोर त्याच पावसात गेलं, आणि ती उरलेल्या दोघांना घेऊन खाली कोकणात उतरली. तुम्ही तेव्हा बदली घेऊन पुण्यात होतात, दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तपासत.

मागल्या महिन्यात त्या बाबांची नात मला भेटली. तिच्या घरी अजून ते पुस्तक आणत नाहीत. तिनं विचारलं, “तुमाला ठावं व्हतं का हो, वडील काय लिवत्यात त्ये?” मी म्हटलं, “मी तेव्हा लहान होते.”

लहान नव्हते. एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली. हे पत्र कपाटातच राहणार आहे, म्हणून इथं लिहिते. तुमच्या मसुद्यात ‘कपाळाला रक्ताचा टिळा’ एवढंच होतं. प्रत करताना त्याचं ‘ऊन रक्ताचा’ मी केलं. तुम्ही वाचून “वा!” म्हणालात, आणि मला दिवसभर बरं वाटत होतं.