डेअरीपुढचा बाक

६ जानेवारी
बाक आला एकदाचा! दूध डेअरीपुढे, निळाशार, वर पाटी — मन मोकळं करा. विलायतेतल्या वेल्सशी आपल्या जिल्ह्यानं करार केलाय. तिकडं जनावरांच्या बाजारात असे बाक आहेत आणि ऐकायला तिथलीच बाई. आमच्या गावची ऐकणारी मी. कोल्हापूरला शिकवलं आम्हाला. पक्का नियम — घरच्या माणसाचं आपण ऐकायचं नाही, दुसरीकडे पाठवायचं.
राजवीर असता तर म्हणाला असता, आई, तू आणि गप्प बसणार?

९ जानेवारी
कुणी बसत नाही. किटल्या घेऊन लांबूनच जातात. धोंडुबाई म्हणाली, "तितं बसलं की येडं म्हणत्यात की."

१५ जानेवारी
फोनवर तिकडच्या बाकावरची मेगन दिसली. मेंढरं पाळते. जिल्ह्याच्या ऑफिसातली पोरगी तिचं बोलणं मराठीत सांगत होती. तिच्याकडेही आधी कुणी बसायचं नाही, उभ्या उभ्या मेंढरांचंच बोलायचे. तेच ऐकायचं, म्हणाली. मग तिनंच विचारलं, तुझं कोण ऐकतं? मला रडूच फुटलं.
बाकावरची ती पाटी मी काढून टाकली.

२० जानेवारी
आता म्हशींवरून बोलतात लोक. आकारामभाऊ मेलेल्या रेडकाचं सांगता सांगता थोरल्या भावावर आले, डोळे पुसले.
आणि माझ्या घरात? राजवीरनं जीव दिला तेव्हापासून ह्यांनी तोंड मिटलंय. म्हशीचं तोच बघायचा, आता हे बघतात. दूध घालतात, तेही दिवसेंदिवस कमीच, खाली मान घालून परत येतात. पूर्वी दारातूनच हाक यायची — राजवीरच्या आई! आता चहा हवा असला की कपबशी वाजवतात. काळीज तुटतं माझं.

२३ जानेवारी
ह्यांना म्हटलं, शेजारच्या गावच्या बाकावर तानाबाई असते, तिच्याशी तरी बोला. किटली उचलली आणि गेले.

२८ जानेवारी
नवरा-बायकोनं गावापुढं शेजारी बसायची आमच्यात रीत नाही. आज भरल्या रांगेसमोर हे येऊन बाकावर बसले. माझ्या शेजारी. किटली रिकामीच.
"राजवीरच्या आई," म्हणाले, "म्हस मला पान्हा सोडंना. त्यो तिला कशी हाक मारायचा?"
नियम राहिला बाजूला. सगळ्यांदेखत मी राजवीरसारखी हाक मारून दाखवली.